पहिल्या वर्गातली गोदावरी

१

अनंतराव कुलकर्ण्यांचे दोन लाख चाळीस हजार मैल चोरीला गेल्याचं बुधवारी सकाळी उघडकीला आलं. पोलीस ठाण्यात जमादारानं त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "दगड कोणत्या रस्त्यावरचे होते, काका?"

त्यात जमादाराचं काही चुकलं नाही. मैल म्हटल्यावर आपल्याकडे दगडच आठवतो. अनंतरावांनी त्याला अर्धा तास समजावलं. त्यानं अर्धा तास मान हलवली आणि शेवटी माझा पत्ता दिला. निवृत्त झालेल्या फौजदारणीकडे अशीच प्रकरणं येतात. हरवलेलं मांजर, शेजाऱ्यानं टाकलेला कचरा आणि आता मैल.

मी सुरेखा औताडे, मूळची शेंद्र्याची. एकतीस वर्षं खाकी घातली, पण विमानात कधी बसले नाही. चिकलठाण्याला उतरणारी विमानं आमच्या शेतावरून जातात, तेवढीच माझी त्यांच्याशी ओळख. सिडकोत अनंतरावांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे. साडेनऊला ते माझ्या दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"औताडेबाई, सव्वीस वर्षं मी कारखान्याची यंत्रं विकत जगभर फिरलो," ते म्हणाले. "विमान कंपन्या प्रत्येक प्रवासाचे मैल खात्यात जमा करतात. पुरेसे साठले की त्यावर फुकट तिकीट मिळतं. मी एकही मैल मोडला नाही. एकदा, फक्त एकदा पहिल्या वर्गानं लांबचा प्रवास करायचा, म्हणून जपून ठेवले होते."

"जाणार कुठं होता?"

"लांब. जितकं लांब तितकं चांगलं. पहिल्या वर्गात स्वतंत्र खोली असते, दार लावता येतं. पूर्ण पलंग असतो. पंधरा तास झोपून जायचं आणि लगेच साध्या खुर्चीचं तिकीट घेऊन परत यायचं."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. पण नाही, माणूस खरोखरच कुठंही न जाता जाऊन येणार होता.

मग त्यांनी मोबाईल पुढं केला. शनिवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांच्या खात्यातून एक तिकीट काढलं गेलं होतं. मुंबई ते शिकागो, पहिला वर्ग, फक्त जाण्याचं, उद्या रात्री साडेनऊचं विमान. प्रवाशाच्या नावापुढं लिहिलं होतं, गोदावरी कुलकर्णी.

"ह्या गोदावरीबाई कोण?"

"तेच तर कळत नाही. कुलकर्णी काय, मराठवाड्यात गावोगाव आहेत. आमच्यात गोदावरी कुणी नाही. आणि गंमत बघा, शिकागोलाच माझी मुलगी असते, मनस्विनी. चोराला सगळी माहिती आहे."

"मग तिकीट रद्द करून टाका की. मैल परत येतील."

"येतील. आज पाचच्या आत रद्द केलं तर येतील. पण मला चोर पाहिजे. कंपनी म्हणते, पाचच्या आत लेखी तक्रार दिलीत तर त्या बाईला उद्या विमानतळावरच अडवू, पुढचं पोलीस बघतील." त्यांनी चष्मा पुसला. "तक्रार लिहून तयार आहे. नुसती पाठवायची आहे. पण घरातलं कुणी त्यात असेल तर मला आधी कळायला हवं."

मी चपला घातल्या. पाच वाजायला साडेसात तास होते आणि मला मैल म्हणजे काय हेच पुरतं उमगलेलं नव्हतं.

२

अनंतरावांच्या घरी दमयंतीवहिनी ओट्याशी उभ्या राहून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी चहा दिला, तोही उभ्यानंच. मी खुर्ची सरकवली.

"बसा की वैनी."

"नको, उभीच बरी."

"तिला बसवत नाही," अनंतराव मध्येच म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं. उभं राहायचं नाही तर आडवं व्हायचं. बरं, मुद्द्याचं बोलू."

मुद्दा असा होता की तिकीट काढायला खात्याचा पासवर्ड लागतो, आणि शिवाय मालकाच्या मोबाईलवर एक गुप्त आकडा येतो, तोही लागतो. पासवर्ड कुणाला माहीत? तर पुतण्याला, हिमांशूला. तो वरच्या मजल्यावर राहतो आणि शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. खातं त्यानंच उघडून दिलेलं.

"अन् आकडा? शनिवारी अकरा वाजता मोबाईल कुठं होता?"

"माझ्या हातात. मी इथंच पेपर वाचत होतो."

"कुनाला आकडा सांगितला?"

"बाई, मी काय दुधखुळा आहे? बँकेवाले रोज सांगतात, आकडा कुणाला देऊ नका. मी कुणालाही दिला नाही."

"घरात कुनी मागितला?"

"घरात हिनं गॅसचा नंबर मागितला, सिलिंडर घेताना सांगावा लागतो तो. वाचून दाखवला. सहा आकडे होते. त्याला देणं म्हणतात का?"

मी मान हलवली. मग वहिनींना विचारलं, "तुमच्या ओळखीत गोदावरी नावाचं कुनी हाय का?"

त्यांनी वाटाण्याची एक शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले आणि नवऱ्याकडे बघितलं. "ह्यांना नक्की आठवत नाही का, विचारा."

"नाही म्हणून सांगितलं ना," अनंतराव चिडून म्हणाले.

"मग मी काय सांगणार," असं म्हणून वहिनी पुन्हा वाटाण्यांकडे वळल्या.

हिमांशूनं त्या दिवशी सुट्टी टाकली होती. तो खाली अंगणात गाडी पुसत होता. मला बघून त्यानं गाडीचं मागचं दार घाईनं लावलं, पण तोवर मला दिसलं होतं. मागच्या सीटवर चांगली जाड गादी अंथरलेली होती.

"ही गादी कशापायी?"

"ती... धुवायला टाकायची आहे."

"यात मुंबईला कधी गेला होतास?"

तो दचकला. खरं तर मी अंधारात दगड मारला होता.

"सप्टेंबरात. मित्राच्या लग्नाला."

"तारीख?"

त्यानं तारीख सांगितली. मी मोबाईलमधलं पंचांग उघडलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं. सर्वपित्रीच्या आधीचा चौथा दिवस होता तो.

"पितरपाटात कोन लगीन लावतं, बाबा? तुझ्या मित्राला दुसरा मुहूर्त भेटला नाय व्हय?"

हिमांशू कानापर्यंत लाल झाला. "काकू, मी चोर नाही. एवढंच सांगतो. पुढचं माझ्या तोंडून विचारू नका."

आत जाऊन मी अनंतरावांना हे सांगितलं, तर त्यांना एकदम वेगळाच साक्षात्कार झाला. "विहीणबाई!" ते म्हणाले. "जावई पण कुलकर्णीच. गोत्र वेगळं. मनूचे दिवस भरत आलेत, पंधरवड्यात बाळंतपण आहे. जावयाच्या आईनं हिमांशूला हाताशी धरून माझ्या मैलांवर हात मारला."

मी थांबा म्हणेपर्यंत त्यांनी फोन लावलासुद्धा. पलीकडून विहीणबाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "अहो अनंतराव, माझं नाव मंदाकिनी. आणि मी कशाला जाऊ? बाळंतपणाला दमयंतीताई जाणार होत्या ना?"

फोन ठेवून अनंतराव माझ्याकडे बघत राहिले. "विहीणबाईंना हे कुणी सांगितलं? दमयंतीकडे तर पासपोर्टसुद्धा नाही."

३

पासपोर्ट नसलेली बाई विमानात बसू शकत नाही, एवढं मलाही कळत होतं. शिवाय नाव जुळत नव्हतं. म्हणून मी वहिनींना यादीतून वगळलं आणि निराला बाजारात सुदर्शनच्या दुकानी गेले. तो तिकिटं काढून देतो. अनंतराव दोन वर्षं त्याचं डोकं खात होते की मैलांवर पहिल्या वर्गाची जागा कधी सुटेल.

"म्याडम, मेरा क्या लेना देना," सुदर्शन हात जोडून म्हणाला. "साहेबांना मी दहा वेळा सांगितलं, अशा जागा लई कमी सुटतात. एक सुटली होती उद्याची. मी फोन केला तर म्हणाले, त्या दिवशी अमावास्या आहे, नको."

"हे कधी?"

"गेल्या शुक्रवारी. घरचा फोन होता, स्पीकरवर ठेवला होता त्यांनी."

म्हणजे घरातल्या भिंतींनाही जागा सुटल्याचं कळलं होतं. मी त्याला विचारलं, "समज तू चोर हायेस. दोन लाख चाळीस हजार मैल हाती लागले. काय करशील?"

"मागच्या वर्गाची चार तिकिटं काढीन आणि विकीन," तो लगेच म्हणाला. मग त्यानं स्वतःच कपाळावर हात मारला. "च्यायला, बरोबर आहे. पहिल्या वर्गाचं एक तिकीट चोर कशाला काढंल?"

"शौक म्हणून?"

"शौकीन माणूस दोन्हीकडचं बघतो, म्याडम. हे एकीकडचंच आहे. म्हणजे नुसतं पोहोचायचं होतं."

चार खुर्च्या सोडून एक पलंग घेणारा चोर मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. निघता निघता सुदर्शननं मागून हाक मारली.

"एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी दुपारीच एक फोन आला होता. नाव नाही सांगितलं. इतकंच विचारलं की पहिल्या वर्गात पाय सरळ करून पूर्ण वेळ पडून राहता येतं का, विमान उडताना बसावं लागतं ते किती वेळ. मी म्हटलं, वीसेक मिनिटं. तर म्हणाली, वीस मिनिटं जमेल."

"म्हणाली?"

"बाई होती, म्याडम. आवाजावरून वयस्कर."

४

आता यादीतून वगळलेल्या बाईला परत यादीत घ्यावं लागलं. पण पासपोर्ट नाही आणि नाव दमयंती. कंपनी कुणाच्याही नावावर पलंग देत नाही. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच लागतं, असं सुदर्शननं शपथेवर सांगितलं होतं. मला वाटलं, आपण म्हातारे झालो, डोकं चालत नाही. असं वाटलं की मी पोलीस खात्यातली जुनी युक्ती करते. मोठा प्रश्न सोडते आणि लहान प्रश्न धरते. लहान प्रश्न होता गॅसचा.

माझ्या घरी गॅसचा नंबर चार आकडी येतो. अनंतरावांनी सहा आकडे वाचून दाखवले होते.

मी त्यांच्या शेजारी वच्छलाबाईंकडे गेले. वच्छलाबाई गंगापूरकडच्या, घरी ऊस, मुलगा इथं नोकरीला.

"तुमच्या गल्लीत गॅसची गाडी कवा येती, आक्का?"

"शुक्कीरवारी."

"शनिवारी?"

"शनिवारी कुठली आली? ती काय मारुतीच्या दर्शनाला येती व्हय?"

एक गाठ सुटली. मी पाणी मागितलं. त्या आत गेल्या, तेव्हा माझी नजर देवघराकडे गेली. पाटावर पिवळ्या फडक्यात बांधलेलं एक लहानसं गाठोडं ठेवलेलं होतं, वर हळदीकुंकू वाहिलेलं. मी वाकून बघितलं. फडक्याच्या तोंडातून तांदळाचे चार दाणे सांडले होते आणि लोकरीचं विणलेलं इवलंसं टोपडं डोकावत होतं.

वच्छलाबाई तांब्या घेऊन आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"हे तुमचं नाय, आक्का."

"नाय. ठिवाया दिलंय. निघताना न्यायचंय. कुनाचं ते सांगायचं नाय म्हणून शबूद दिलाय, तवा इचारू नका."

मी विचारलंच नाही. मला माझे आजोबा आठवले. काशीला निघायच्या दिवशी अमावास्या येत होती, म्हणून तीन दिवस आधी चांगला मुहूर्त बघून त्यांनी तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि अंगावरचं एक उपरणं बांधून शेजाऱ्यांच्या घरी ठेवलं. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. गाठोडं घराबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरतात. मग अमावास्येला उंबरा ओलांडला तरी चालतो, कारण प्रवास आधीच सुरू झालेला असतो.

"हे सोमवारी ठिवलं का?"

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

साडेचार वाजले होते. मी गल्लीतून जवळजवळ पळतच निघाले.

५

अनंतराव लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावर तक्रार दिसत होती. हिमांशू दाराशी उभा होता आणि वहिनी ओट्याशी.

"थांबा," मी म्हटलं. "चोर सापडला. पन आधी तुम्ही एक सांगा. चोरानं चार खुर्च्या सोडून एक पलंग का घेतला?"

"मला काय माहीत?"

"कारन त्याला बसता येत नाय. वीस मिनटं बसता येतं, मग आडवं व्हावं लागतं. हिमांशूच्या गाडीत गादी हाय ती त्याच्यापायीच. सप्टेंबरात पितरपाटात तो त्या मानसाला आडवं झोपवून मुंबईला घेऊन गेला, व्हिसाच्या मुलाखतीला. व्हय ना रे?"

हिमांशूनं खाली बघत मान हलवली.

"शनिवारी अकरा वीसला त्यानं तुम्हाला आकडा मागितला अन् तुम्ही वाचून दाखवला. गॅसचा नंबर चार आकडी असतो, साहेब. अन् गाडी शुक्रवारी येती. उद्याची जागा अमावास्येची, म्हणून सोमवारी वच्छलाबाईंच्या देवघरात प्रस्थान ठिवलं. त्यात बाळाचं टोपडं हाय."

अनंतराव हळूहळू वहिनींकडे वळले. मग परत माझ्याकडे. गडी पुरता गोंधळला होता.

"पण... गोदावरी? तिचं नाव दमयंती आहे. कुणालाही विचारा."

"लग्नाआधी काय होतं?"

"कुलकर्णीच. तिचं माहेरही कुलकर्ण्यांचं."

"आडनाव नाय. नाव."

त्यांनी तोंड उघडलं. "बेबी," ते शेवटी म्हणाले. "तिच्या माहेरी सगळे बेबी म्हणायचे."

"पाळण्यातलं?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाचला सतरा मिनिटं कमी होती. अनंतराव कपाळ चोळत होते. जगातल्या चाळीस विमानतळांची नावं ह्या माणसाला पाठ होती.

"लग्नात ताटात तांदूळ पसरले," वहिनी बोलल्या. आवाज अगदी साधा होता. "तुम्ही अंगठीनं त्यात दमयंती लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते तांदूळ भातात गेले. कागदांवर नाव बदलायला कचेरीत जावं लागतं, तुम्ही तेव्हा जर्मनीत होता. शाळेचा दाखला, आधार, सगळं गोदावरीच राहिलं. ह्या घरातला एक कागद तुम्ही कधी हातात घेतलाय का? पासपोर्ट मेमध्ये आला. पोस्टमन गोदावरी कुलकर्णी म्हणून ओरडला, तेव्हा तुम्हीच दारातून म्हणालात, इथं कुणी गोदावरी नाही."

मला आठवलं, सकाळी मला त्यांनी नेमकं हेच सांगितलं होतं.

"मला सांगायचं होतंस," अनंतराव म्हणाले.

"तीनदा सांगितलं. मनूकडे जाते म्हटलं. तुम्ही पेपरातून हूं म्हणालात. सप्टेंबरात मुंबईला जाऊन येते म्हटलं, तेव्हाही हूंच."

"मैलांचं?"

"मैल मागितले असते तर दिले असते?"

अनंतरावांनी चष्मा काढून हातात घेतला.

"पंधरा तास खुर्चीत बसले तर मी परत उभी राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले," वहिनी पुढं म्हणाल्या. "लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. पलंगावर झोपून जाता येतं, हे तुम्हीच रोज जेवताना सांगत होता. मी ऐकत होते. चोरी केली, ती मान्य आहे. तक्रार पाठवायची तर पाठवा. उद्या मला तिथं अडवतील, मी उभी राहीन. मला उभं राहायची सवय आहे."

मला ते ऐकवेना. एकतीस वर्षांत अनेक कबुलीजबाब ऐकले, पण अशी शरम दुसऱ्याच्या वतीनं कधी वाटली नव्हती.

पाचला नऊ मिनिटं असताना अनंतरावांनी लॅपटॉप मिटला. मग ते उठले, चपला न घालताच बाहेर गेले.

६

वच्छलाबाईंनी मला नंतर सांगितलं, "अनवानी आले अन् म्हणले, गोदावरीचं गठुडं द्या. म्या म्हणलं, निघताना न्यायचं असतंय, आत्ता नाय. तर उंबऱ्यावर बसून ऱ्हायले. सकाळपर्यंत बसतो म्हणले."

सकाळपर्यंत काही बसू दिलं नाही, जेवायला उठवलं. पण गुरुवारी सकाळी गाठोडं त्यांनीच आणलं आणि गाडीत वहिनींच्या उशाशी ठेवलं. हिमांशू गाडी चालवणार होता, अनंतराव शेजारी बसून मुंबईपर्यंत सोडायला जाणार होते. मी निरोप द्यायला उभी होते.

बॅगेला नावाची पट्टी लावायची राहिली होती. अनंतरावांनी पेन काढलं, सवयीनं पहिलं अक्षर द लिहिलं, थांबले, आणि खोडलं. नवी पट्टी मागितली. गाडीच्या टपावर ठेवून एकेक अक्षर सावकाश लिहिलं. वहिनी मागच्या गादीवर कुशीवर होऊन काचेतून बघत होत्या. तांदळातलं नाव भातात गेलं होतं, हे निदान शिकागोपर्यंत जाणार होतं.

"परतीचं काय?" पट्टी बांधता बांधता त्यांनी विचारलं. "तिकीट तर एकीकडचंच आहे."

"मैल तेवढेच होते," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी सुदर्शनचा मला फोन आला. साहेब दुकानात येऊन बसलेत, म्हणाला. खात्यात दोनशे बारा मैल उरलेत आणि विचारतायत, कार्डानं पेट्रोल भरल्यावर किती मैल मिळतात, किराणा घेतल्यावर किती, पलंगाला किती लागतात.

"कुठं जायचंय म्हनतात आता?" मी विचारलं.

"कुठंच नाही, म्याडम. म्हणतात, गोदावरीला आणायचंय."